लोकवैद्यकातील विषारी वनस्पती

लोकवैद्यकातील विषारी वनस्पती : ज्या वनस्पतींच्या मूळ, साल, पान, फूल, फळ, बी किंवा चीक यांपैकी एखाद्या भागात माणसाला अथवा जनावराला अपायकारक द्रव्ये असतात आणि तरीही ज्यांचा औषधासाठी परंपरेने वापर होत आला आहे, अशा वनस्पती. महाराष्ट्रात धोतरा, रुई, कण्हेर, बिब्बा, गुंज, कळलावी, काजरा (कुचला), जमालगोटा, निवडुंग, गेळा इ. वनस्पतींचा या वर्गात समावेश होतो. त्यांच्यासंबंधीचे पारंपरिक ज्ञान दोन प्रकारचे आहे : एक गुणाचे, म्हणजे कोणती वनस्पती कोणत्या दुखण्यावर चालते याचे आणि दुसरे मर्यादेचे, म्हणजे तिचा कोणता भाग, कोणत्या रीतीने, कोणाला आणि कोठपर्यंत द्यावा याचे. गुणाचे ज्ञान एका वाक्यात सांगता येते. त्यामुळे ते तोंडोतोंडी व पुढे छापील पुस्तकांतून दूरवर पसरले. मर्यादेचे ज्ञान जाणत्याच्या हाताखाली राहून शिकावे लागे. ते शिकविणारी माणसे कमी होत गेली, तसे ते मागे पडले. या वनस्पतींमुळे झालेल्या अनेक अपघातांचे मूळ या विषमतेत सापडते.

प्रदेश व वनस्पती : मराठवाड्याचे पठार कमी पावसाचे आहे. छत्रपती संभाजीनगर (2023 पर्यंतचे नाव औरंगाबाद) या शहराच्या परिसरात वर्षाला सु. 70 सेंमी. पाऊस पडतो. गुरे ज्या वनस्पतींना तोंड लावत नाहीत, त्या अशा कोरड्या व सतत चराईच्या प्रदेशात अधिक टिकून राहतात. कडू चव, झोंबणारा चीक व विषारी द्रव्ये ही वनस्पतींची संरक्षणाची साधने आहेत. त्यामुळे गावकुसाबाहेर, माळावर, उकिरड्याजवळ आणि पडीक जमिनीत रुई, धोतरा, पिवळा धोतरा, एरंड व मोगली एरंड यांचीच गर्दी आढळते. गारखेडा हे पूर्वी शहराबाहेरील खेडे होते. आता ते महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर बनले आहे. तेथील शेते व माळ इमारतींखाली गेले. परंतु मोकळ्या भूखंडांवर, नाल्यांच्या काठी व बांधकामांच्या ढिगाऱ्यांवर याच जाती पुन्हा उगवतात. कण्हेर व बिट्टी (पिवळी कण्हेर) तर शोभेसाठी मुद्दाम लावल्या जातात. वस्ती बदलली तरी विषारी वनस्पतींचा सहवास सुटलेला नाही. सुटली आहे ती त्यांची ओळख. मराठवाड्यातील वनस्पतींची शास्त्रीय नोंद मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन्. नाईक यांनी 1998 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली आहे.

ग्रंथपरंपरा : विषाचा औषध म्हणून उपयोग ही कल्पना प्राचीन आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील 23 वा अध्याय विषचिकित्सेचा असून सुश्रुतसंहितेचे कल्पस्थान हे आठ अध्यायांचे संपूर्ण स्थानच विषांना वाहिलेले आहे. सुश्रुताने स्थावर विषांची मूळ, पान, फळ, फूल, साल, चीक, गाभा, निर्यास (डिंक), धातू व कंद अशी दहा अधिष्ठाने मानून एकूण 55 विषे सांगितली आहेत. वनस्पती सर्वांगाने विषारी नसून तिच्या विशिष्ट भागात विष असते, हे निरीक्षण या वर्गीकरणातून स्पष्ट होते. तीक्ष्ण विषही योग्य रीतीने योजल्यास उत्तम औषध ठरते आणि औषधही चुकीच्या योजनेने विष होते, असा चरकाचा सिद्धांत आहे. पुढे शार्ङ्गधरसंहितेत रुई, निवडुंग, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू व धोतरा ही सात उपविषे सांगितली आहेत. त्यांपैकी अफू वगळता बाकीच्या सहा वनस्पती महाराष्ट्रात रानात वा कुंपणाला सहज आढळतात.

गारखेड्यापासून जवळच असलेले देवगिरी (दौलताबाद) हे तेराव्या शतकात यादवांचे राजधानीचे नगर व विद्येचे केंद्र होते. यादवांचा मंत्री हेमाद्री याने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयाला असलेल्या बोपदेवाचे वडील वैद्य केशव यांनी द्रव्यगुणांवर सिद्धमंत्र हा ग्रंथ रचला व त्यावर बोपदेवाने प्रकाश ही टीका लिहिली. दख्खनमधील मुसलमानी राजवटींच्या काळात यूनानी वैद्यकही या प्रदेशात रुजले. बिब्ब्याला बलादुर, कुचल्याला अजाराकी व जमालगोट्याला हब्बुस्सलातीन ही यूनानी नावे आहेत. एकच बिब्बा वैद्य, हकीम व सुईण या तिघांच्याही हातून दिला जात असे. परंतु ग्रंथातील वैद्यक व लोकवैद्यक यांत एक महत्त्वाचा फरक होता. वैद्य व हकीम ही द्रव्ये पोटात देत असल्याने त्यांच्या शोधनावर त्यांचा भर असे. लोकवैद्यकात शोधनाची साधने नसल्याने विषारी वनस्पतींचा उपयोग मुख्यतः बाहेरून, लेप, शेक, धुरी किंवा डाग या रूपांत होत असे.

शोधन : विषारी द्रव्य औषधात घालण्यापूर्वी त्याची तीव्रता कमी करण्याच्या प्रक्रियेला शोधन म्हणतात. बचनाग गोमूत्रात भिजवीत. कुचल्याच्या बिया दुधात शिजवून तुपात परतीत. धोतऱ्याच्या व गुंजेच्या बिया पुरचुंडीत बांधून दुधात वा कांजीत उकळीत. बिब्बे विटेच्या भुकटीत घोळून त्यांचे तेल शोषून घेत. आधुनिक रासायनिक परीक्षणांत यांपैकी काही क्रियांमागील कारणे उलगडली आहेत. बचनागातील ॲकोनिटीन हे तीव्र विष उकळण्याने विघटित होऊन कमी विषारी संयुगांत बदलते. कुचल्यातील स्ट्रिक्नीन काही अंशी निघून जाते व काही अंशी त्याचे रूपांतर होते. गुंजेतील ॲब्रिन हे प्रथिन असल्याने ते उष्णतेने निष्क्रिय होते. मात्र शोधनाने विष पूर्ण नाहीसे होते असे नाही आणि घरगुती रीतीने केलेले शोधन किती पुरते झाले, हे चवीवरून वा रंगावरून कळत नाही.

प्रमुख वनस्पती व त्यांच्या वापराच्या मर्यादा : रुई (प्रजाती कॅलोट्रॉपिस) हा माळावर सर्वत्र आढळणारा क्षुप आहे. त्याची पाने तेल लावून, गरम करून सुजलेल्या सांध्यावर बांधण्याची रीत सर्वपरिचित आहे. काटा रुतला असता त्या जागी रुईचा चीक लावीत. चिकात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे आणि त्वचेला व डोळ्यांना दाह करणारी द्रव्ये असतात. रुईचे पान तोडल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नये, ही ताकीद खेड्यांत लहानपणीच मिळत असे. चीक डोळ्यात गेल्यास प्रारंभी फारशी वेदना होत नाही; परंतु पारपटलाला (डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्याला) सूज येऊन दृष्टी अंधुक होते. वेदना कमी असल्यामुळे उपचारास उशीर होतो.

बिब्बा (सेमेकार्पस ॲनाकार्डियम) हा आंबा व काजू यांच्या कुलातील वृक्ष असून त्याच्या फळाच्या टरफलात काळे, दाहक तेल असते. संधिवात, जुनाट खोकला, टाचांच्या भेगा व बाळंतपणानंतरची दुर्बलता यांवर बिब्ब्याचा उपयोग होत आला आहे. त्यासोबत निर्बंधही कडक होते : उन्हाळ्यात, पित्तप्रकृतीच्या माणसास, लहान मुलास व गर्भवतीस बिब्बा देत नसत, घेणाऱ्याने ऊन व विस्तव टाळावा आणि दूध, तूप व खोबरे खावे, असा नियम होता. अंगावर चट्टे व फोड उठले, तर बिब्बा उतला असे म्हणत व औषध तत्काळ थांबवून खोबरेल लावीत. याच तेलाने धोबी कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकी सैनिकांना अशा खुणांच्या जागी त्वचादाह झाल्याचे वैद्यकीय साहित्यात नोंदले आहे. बिब्बा फोडून आतील गोडंबी हा खाद्य गर काढण्याचे काम मुख्यतः गरीब स्त्रिया करतात. हातांना राख वा तेल चोळूनही त्यांची कातडी भाजते. गोडंबी खाणाऱ्याला पौष्टिक पदार्थ मिळतो आणि विषाचा भार ती काढणाऱ्या स्त्रीच्या हातांवर पडतो. बिब्बा घालणे म्हणजे दोघांत तेढ निर्माण करणे, हा मराठी वाक्प्रचार या वनस्पतीचा दाहक गुण ध्यानात घेऊनच रूढ झाला आहे.

गुंज (ॲब्रस प्रिकॅटोरियस) या वेलीच्या तांबड्या व काळ्या टिकल्याच्या बिया सोनार वजनासाठी वापरीत. आठ गुंजांचा एक मासा व बारा माशांचा एक तोळा हे कोष्टक दशमान पद्धती येईपर्यंत व्यवहारात होते. गुंजेचा पाला गोडसर असून तो तोंड आल्यास किंवा घसा बसल्यास चघळतात व विड्यातही घालतात. बियांत मात्र ॲब्रिन हे अत्यंत तीव्र विष असते. अखंड बी गिळल्यास तिच्या कठीण टरफलामुळे ती पुष्कळदा न पचता बाहेर पडते; फोडलेली वा चावलेली बी प्राणघातक ठरू शकते. एकाच वेलीचा पाला खाण्याजोगा आणि बी प्राणघातक, हा भेद सुश्रुताच्या अधिष्ठानविचाराचे उत्तम उदाहरण होय.

कळलावी (ग्लोरिओसा सुपर्बा) या सुंदर फुलांच्या वेलीचे नाव तिच्या उपयोगावरून पडले आहे. अडलेल्या बाळंतिणीस कळा याव्यात म्हणून सुईण तिच्या कंदाचा लेप ओटीपोटावर किंवा तळपायांस लावी. प्रसूती होताच लेप क्षणाचाही विलंब न करता धुऊन टाकावा, असा दंडक असे. कंदात व बियांत कॉल्चिसीन हे अल्कलॉइड असते. ते पोटात गेल्यास प्रथम पटकीसारखे जुलाब व वांत्या होतात आणि नंतर रक्तपेशी, मूत्रपिंडे व इतर इंद्रियांवर घातक परिणाम होतो. लेप पोटात द्यावयाचा नाही व गरजेपलीकडे ठेवावयाचा नाही, हे सुईणीचे नियम म्हणूनच कंदाच्या माहितीपेक्षाही मोलाचे होते.

धोतरा (डॅट्यूरा मेटेल व इतर जाती) याची पाने गरम करून सुजेवर बांधीत आणि दम्यावर वाळलेल्या पानांची धुरी घेत. त्यातील हायोसायमीन, हायोसीन व ॲट्रोपीन या अल्कलॉइडांनी श्वासनलिकांचे स्नायू सैल पडतात. म्हणून दम्यात तात्पुरता आराम वाटतो. मात्रा वाढल्यास तोंडास कोरड, डोळ्यांच्या बाहुल्यांचे विस्फारण, ताप, भ्रम व बेशुद्धी ही लक्षणे दिसतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर धोतरा देण्याचा प्रघात सुश्रुताइतका जुना आहे. हा प्रघात मात्र उपायाच्या पोटीच अपाय होता. कारण अलर्क रोगावर लस व प्रतिरक्षी रक्तरस यांखेरीज इलाज नाही आणि धोतऱ्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

काजरा (स्ट्रिक्नॉस नक्स-व्होमिका) हा वृक्ष कोकणातील जंगलांत आढळतो. त्याच्या चपट्या बियांना कुचला म्हणतात. त्या अत्यंत कडू असून त्यांतील स्ट्रिक्नीनमुळे शरीराला धनुर्वातासारखे झटके येतात. गेळ्याची फळे वांतिकारक असून, कुटून पाण्यात टाकल्यास मासे गुंगून वर येतात. लोकजीवनात मासेमारीसाठी त्यांचा वापर होत असे. जमालगोट्याचे बी तीव्र रेचक असून त्याचा दुरुपयोग सूड वा थट्टा म्हणूनही झालेला आहे.

जाणकार : हे ज्ञान बाळगणारे लोक विविध थरांतील होते. सुईणी, गुराखी, धनगर, डोंगरी भागातील आदिवासी वैद्य आणि वैदू ही भटकी जमात यांचा त्यांत प्रमुख वाटा होता. वैदू गावोगाव फिरून जडीबुटी विकीत व तुंबड्या लावीत. वनस्पती कोठे, कोणत्या ऋतूत व किती वाढल्यावर उपटावी, हे त्यांच्या कुटुंबात मुले चालता चालता शिकत. स्थिर वस्ती, वनांवरील निर्बंध व उपजीविकेतील बदल यांमुळे या शिक्षणाची साखळी तुटली. लिखित परंपरा नसल्याने एक पिढी खंडित झाली, की तिच्याबरोबर ताकिदीही लुप्त होत.

धार्मिक संकेत : विषारी वनस्पतींना महाराष्ट्रात देवाधर्मात विशेष स्थान आहे. धोतऱ्याचे फूल व फळ महादेवाला वाहतात. रुईच्या पानांची माळ शनिवारी मारुतीला घालतात. कण्हेरीची फुले पूजेत चालतात. बिब्बा लिंबू-मिरचीबरोबर दाराला वा वाहनाला टांगतात. तिसरे लग्न अशुभ मानून वराचे लग्न आधी रुईशी लावण्याचा अर्कविवाहाचा विधीही रूढ होता. या रूढींचा उगम एकाच कारणात शोधणे योग्य नव्हे. तथापि त्यांचा एक परिणाम असा झाला, की या वनस्पती घराघरांत नावानिशी ओळखीच्या राहिल्या आणि त्या खाण्याच्या नसून वाहण्याच्या आहेत, ही समजूत मुलांच्या मनात रुजली.

नावांतील गोंधळ : लोकवैद्यकातील अपघातांचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे एका नावाच्या अनेक वनस्पती. बाजारातील बचनाग हा हिमालयात वाढणाऱ्या ॲकोनायटम प्रजातीचा कंद होय; परंतु महाराष्ट्रात काही ठिकाणी कळलावीलाही बचनाग किंवा खड्यानाग म्हणतात. दोहोंचे विष व परिणाम अगदी भिन्न आहेत. पिवळा धोतरा हा धोतरा नसून अफूच्या कुलातील मेक्सिकोकडून आलेले तण आहे. त्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने अंगावर सूज येणारा साथीचा जलशोफ उद्‍भवतो. 1998 मध्ये दिल्लीत अशा भेसळीने अनेक बळी घेतले. बिट्टीला पिवळी कण्हेर म्हणत असले, तरी तीही अमेरिकेतून आलेली आहे. मोगली एरंड हा नेहमीच्या एरंडाहून वेगळा असून पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून भारतात पोहोचला. परदेशी वनस्पतींना जुन्या ओळखीच्या वनस्पतींची नावे मिळाली आणि नावाबरोबर गुणही चिकटविले गेले. परंतु शतकानुशतकांच्या अनुभवाने ठरलेल्या मर्यादा त्यांच्यामागे नव्हत्या.

गुन्हे व न्यायवैद्यक : औषधाचे ज्ञान हेच गुन्ह्याचेही साधन झाले. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात धोतऱ्याने माणसास भ्रमिष्ट करून चोरी करण्याच्या प्रकाराचे वर्णन केले आहे. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना अन्नातून धोतरा देऊन लुटणाऱ्या टोळ्या देशभर कुप्रसिद्ध होत्या. धोतऱ्याच्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसत असल्यामुळे तिखट जेवणात त्या ओळखू येत नसत. या दोन बियांतील फरक दाखविणारे कोष्टक भारतीय न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत आजही आढळते. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक लायन यांचा भारतीय न्यायवैद्यकावरील ग्रंथ 1889 मध्ये व जयसिंग मोदी यांचा ग्रंथ 1920 मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय दंडसंहितेच्या (1860) 328 व्या कलमान्वये अपराध करण्याच्या हेतूने विष अथवा गुंगी आणणारा पदार्थ देणे हा गुन्हा होता. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या 123 व्या कलमाने घेतली आहे.

या इतिहासाचा सर्वांत दुःखद भाग स्त्रियांच्या वाट्याला आला. बालविवाह, सक्तीचे वैधव्य व बेअब्रूची भीती यांमुळे गर्भवती झालेल्या विधवांवर गुप्तपणे गर्भपाताचे उपाय केले जात. कण्हेर व तांबडा चित्रक यांची मुळे आणि रुईचा चीक यांचा अशा कामी वापर झाल्याच्या नोंदी न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत वारंवार येतात. विषबाधा, रक्तस्राव अथवा जंतुसंसर्ग यांमुळे अनेकींचा मृत्यू ओढवे आणि वाचलेली स्त्री आरोपी ठरे. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह स्थापन केले, ते याच परिस्थितीत. मराठवाड्यालगतच्या बुलढाण्यातील ताराबाई शिंदे यांनी सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येच्या खटल्याच्या निमित्ताने 1882 मध्ये स्त्री-पुरुष तुलना हा निबंध लिहिला. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा 1971 मध्ये झाल्यावर रुग्णालयातील सुरक्षित मार्ग उपलब्ध झाला. या ठिकाणी विषारी वनस्पतीचा वापर औषधाच्या ज्ञानातून नव्हे, तर समाजाने दुसरा मार्ग न ठेवल्यामुळे होत होता, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

नोंदी व अभ्यास : पश्चिम भारतातील औषधी व विषारी वनस्पतींच्या पद्धतशीर नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाल्या. मुंबईचे विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन व हूपर यांच्या साहाय्याने लिहिलेला फार्माकोग्राफिया इंडिका हा त्रिखंडात्मक ग्रंथ 1890–93 या काळात प्रसिद्ध झाला. या क्षेत्रातील पहिले मोठे मराठी नाव कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (1849–1917) यांचे होय. सरकारी वैद्यकीय सेवेतील हे शल्यचिकित्सक मराठी कवीही होते. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी या 1883 साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी मुंबईच्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. बा. दा. बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर 1918 मध्ये प्रकाशित झाला. वनस्पतीची नेमकी ओळख, तिचे चित्र व तिच्या विषाची लक्षणे एकत्र देण्याची त्यांची पद्धत महत्त्वाची आहे; कारण नावांतील गोंधळावर तोच खरा उतारा होता. मराठीतून आयुर्वेदाचा प्रसार करणारे शंकर दाजीशास्त्री पदे (1867–1909) यांचे आर्यभिषक् व वनौषधिगुणादर्श हे ग्रंथ घरोघरी पोहोचले. अशा ग्रंथांनी वनौषधींचे ज्ञान वैद्यांच्या वर्तुळाबाहेर नेले. मात्र पुढे त्यांच्या आधारे निघालेल्या स्वस्त घरगुती पुस्तिकांतून शोधन, पथ्य व निषेध यांचा भाग गळत गेला.

आधुनिक वैद्यकास लाभ : लोकवैद्यकातील या वनस्पतींनी आधुनिक औषधशास्त्रात मोलाची भर घातली आहे. पेल्त्ये व काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1818 मध्ये स्ट्रिक्नॉसच्या बियांतून स्ट्रिक्नीन वेगळे केले. धोतऱ्याच्या धुरीचा दम्यावरील उपयोग 1802 च्या सुमारास मद्रासमधून ब्रिटनमध्ये पोहोचला व पुढे दम्याच्या सिगारेटी यूरोपभर विकल्या गेल्या. ॲट्रोपिनाच्या रेणूत बदल करून तयार केलेले इप्राट्रोपियम हे औषध आज श्वसनमार्गाच्या रोगांत फवाऱ्याने दिले जाते. पॅरिसमधील नेत्रवैद्य द व्हेकर यांनी 1882 मध्ये गुंजेच्या अर्काचा खुपऱ्यांवर प्रयोग केला. अपायामुळे तो मागे पडला. परंतु पाउल एर्लिख यांनी 1891 मध्ये ॲब्रिन व एरंडातील रिसिन यांवर केलेल्या प्रयोगांतून शरीर विषाविरुद्ध विशिष्ट प्रतिद्रव्ये तयार करते, या प्रतिरक्षाविज्ञानातील मूलभूत कल्पनेस बळकटी मिळाली. कॉल्चिसीन हे गाउट (वातरक्त) या विकारावर दिले जाते व त्यासाठी तमिळनाडूत कळलावीची शेती होते. या सर्व उदाहरणांत गुणाबरोबर मात्रा मोजता आली, तेव्हाच विषाचे औषध झाले. निसर्गात मात्र एकाच जातीच्या दोन झाडांत, एकाच झाडाच्या दोन फळांत आणि दोन ऋतूंत विषाचे प्रमाण बदलते. म्हणून चिमूट व तोळा ही घरगुती मापे येथे विश्वसनीय ठरत नाहीत.

कायदे : विषांच्या विक्रीवर 1904 व नंतर 1919 च्या विषविषयक कायद्याने नियंत्रण आले. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात (1940) 1964 च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय व यूनानी औषधांचा समावेश झाला. त्याखालील नियमांच्या ई (1) या परिशिष्टात रुई, बिब्बा, धोतरा, गुंज, जमालगोटा, कण्हेर, कळलावी, निवडुंग, बचनाग, कुचला इ. द्रव्यांची यादी असून ती असलेली पोटात घेण्याची औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, असा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. शार्ङ्गधराची सातही उपविषे या यादीत आहेत. औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना 1954 च्या कायद्याने प्रतिबंध केला आहे. हे कायदे कारखान्यात तयार होणाऱ्या व दुकानात विकल्या जाणाऱ्या औषधांना लागू पडतात. कुंपणावरून तोडलेल्या पानास ते लागू पडत नाहीत.

सद्यःस्थिती : आजच्या विषबाधांचे स्वरूप पूर्वीहून वेगळे आहे. मोगली एरंडाची लागवड एकविसाव्या शतकाच्या आरंभी जैव इंधनासाठी मोठ्या प्रमाणात करण्यात आली. त्याच्या बिया गोडसर लागत असल्याने शाळकरी मुले त्या खातात व अनेकांना एकाच वेळी वांत्या-जुलाब होतात. कासविंद्याच्या शेंगा हे लहान मुलांतील यकृत, स्नायू व मेंदू यांच्या एका प्राणघातक विकाराचे कारण असल्याचे उत्तर प्रदेशातील अभ्यासातून 2007 मध्ये पुढे आले. तोवर तो विषाणुजन्य मेंदूज्वर समजला जात होता. श्रीलंकेत 1980 पासून बिट्टीच्या बिया खाऊन आत्महत्या करण्याचे प्रमाण वाढले आणि त्या अनुभवातून तिच्या हृदयविषावरील उपचारांचा अभ्यास झाला. दुधी भोपळ्याचा कडू रस आरोग्यासाठी म्हणून पिऊन मृत्यू ओढवल्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी रस कडू लागल्यास तो पिऊ नये, असा सल्ला दिला. पूर्वीच्या गृहिणी फोडी चाखून कडू भोपळा टाकून देत. औषध कडूच असावयाचे, या समजुतीने तो पिणाऱ्यांनी ही साधी खूण गमावली होती.

वनस्पतिज विषबाधेच्या संशयात रुग्णास विलंब न करता रुग्णालयात न्यावे आणि खाल्लेल्या वनस्पतीचे पान, फळ वा बी सोबत न्यावे. नेमकी ओळख पटल्यास उपचाराची दिशा ठरते. घरगुती उपायांनी वांती करविणे, मीठपाणी पाजणे अथवा दुसरी जडीबुटी देणे धोक्याचे असते. डोळ्यात चीक गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन, वेदना नसली तरी नेत्रवैद्याकडे जावे.

लोकवैद्यकाच्या संकलनाचे काम विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्र विभागांतून चालू आहे. अशा संकलनांत बहुधा वनस्पतीचे नाव, वापरलेला भाग व रोग एवढाच मजकूर नोंदला जातो. सांगणाऱ्याने दिलेले निषेध, औषध थांबविण्याच्या खुणा व उतारे यांची नोंदही तितक्याच काळजीने होणे आवश्यक आहे. रुईचे पान सांध्यावर बांधावे, हे ठाऊक असलेली माणसे शहरात आजही पुष्कळ आढळतात; पान तोडल्यावर हात धुवावेत, हे त्यांना सांगणारी माणसे कमी झाली आहेत.